महिलांमधील मधुमेह आणि उच्च रक्तदाब : जीवनशैली कार्यक्रमांचे पुरावे आणि वस्तीतील अंमलबजावणी

मधुमेह आणि उच्च रक्तदाब हे खात्यापित्या घरांचे आजार आहेत, हा समज आता सोडून द्यायला हवा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी १३.५ टक्के स्त्रियांच्या रक्तातील साखर जास्त आढळली किंवा त्या त्यासाठी औषध घेत होत्या. रक्तदाबाबाबत हेच प्रमाण २१.३ टक्के होते, म्हणजे साधारण पाचपैकी एक स्त्री. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाब अभ्यासाचा अंदाज असा की, देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत.

यातील दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. मधुमेहपूर्व अवस्था म्हणजे साखर वाढलेली आहे, पण मधुमेहाच्या रेषेपर्यंत पोहोचलेली नाही. या टप्प्यावर बाईला काहीही त्रास होत नाही. ती कामावर जाते, घर चालवते, आणि तपासणी झाली नाही तर तिला कळतही नाही. परंतु आजार थांबवण्याची किंवा काही वर्षे पुढे ढकलण्याची सर्वात मोठी संधी याच टप्प्यावर असते. ती संधी साधण्यासाठी जगभर जे जीवनशैली कार्यक्रम चालवले गेले, त्यांतून काय सिद्ध झाले, स्त्रियांना त्यांचा किती लाभ मिळाला आणि आपल्या वस्तीत, गावात असा कार्यक्रम कसा चालवता येईल, याची माहिती आम्ही या लेखात एकत्र देत आहोत.

जीवनशैली कार्यक्रम म्हणजे काय?

‘गोड कमी खा, चालत जा’ एवढे सांगून घरी पाठवणे याला कार्यक्रम म्हणत नाहीत. तो सल्ला झाला, आणि असा सल्ला जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात मिळतो. कार्यक्रमात चार गोष्टी असाव्या लागतात. धोका असलेल्या व्यक्ती तपासणी करून निवडलेल्या असतात. निदान वर्षभर ठरावीक बैठका होतात. प्रत्येकीचे मोजता येईल असे उद्दिष्ट असते. आणि कोणीतरी नियमित पाठपुरावा करते. यातील पाठपुरावा गळला की बाकी सारे हळूहळू गळते, हे पुढे दिलेल्या अभ्यासांतून स्पष्ट होते.

पुरावे काय सांगतात?

या विषयातील सर्वात जुन्या मोठ्या प्रयोगांपैकी एक चीनमधील दाचिंग शहरात १९८६ मध्ये सुरू झाला. ३३ दवाखान्यांमधून मधुमेहपूर्व अवस्थेतील ५७७ लोक निवडले गेले. काहींना आहाराचे, काहींना व्यायामाचे, तर काहींना दोन्हींचे मार्गदर्शन सहा वर्षे दिले गेले. कार्यक्रम संपल्यानंतरही या लोकांची नोंद ठेवली गेली. ३० वर्षांनंतर असे दिसले की, कार्यक्रमात असलेल्यांना मधुमेह सरासरी सुमारे चार वर्षे उशिरा झाला आणि हृदयविकार व पक्षाघाताच्या घटना सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाल्या. २३ वर्षांनंतरच्या पाहणीत मृत्यूंमध्ये जी घट आढळली, ती मुख्यतः स्त्रियांमध्ये होती.

फिनलंडमध्ये ५२२ लोकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. मार्गदर्शन मिळालेल्या गटात मधुमेह होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील ‘डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम’ने नेमका तेवढाच, ५८ टक्क्यांचा, फरक नोंदवला. त्यात ३,२३४ लोक होते आणि त्यांत दोन तृतीयांशाहून अधिक स्त्रिया होत्या. उद्दिष्टे दोनच होती : वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम. ज्यांना मेटफॉर्मिन ही गोळी दिली गेली, त्यांच्यात धोका ३१ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे गोळीपेक्षा बदललेली दिनचर्या अधिक उपयोगी ठरली.

भारतातील पुरावा चेन्नईतून आला. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील ‘इंडियन डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम’चे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ५३१ लोकांच्या या अभ्यासात जीवनशैली बदलामुळे धोका २८.५ टक्क्यांनी घटला. लक्षात घेण्यासारखे म्हणजे सहभागींचे वजन फारसे कमी झाले नव्हते, तरीही लाभ झाला. भारतीय शरीर बाहेरून सडपातळ असले तरी पोटावर आणि आतल्या अवयवांभोवती चरबी साठवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या गावांमध्ये केलेल्या अभ्यासातून तर असे दाखवले की, आपल्याकडील कमी वजनाच्या नवजात बाळांमध्येही चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. त्यामुळे ‘मी कुठे जाड आहे?’ म्हणून तपासणी टाळणे योग्य नाही.

रक्तदाबाबाबत आहाराचा भक्कम पुरावा १९९७ मध्ये अमेरिकेतील ‘डॅश’ अभ्यासाने दिला. ४५९ लोकांच्या या अभ्यासात एका गटाला फळे, भाज्या आणि कमी चरबीचे दुग्धपदार्थ भरपूर असलेला आहार आठ आठवडे दिला गेला. मीठ आणि वजन दोन्ही तेवढेच ठेवले होते. तरीही ज्यांचा रक्तदाब आधीच जास्त होता, त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ अंकांनी खाली आला. पुढे २००१ मध्ये याच अभ्यासकांनी दाखवले की, असा आहार आणि कमी मीठ एकत्र केले तर परिणाम आणखी वाढतो.

स्त्रिया कुठे राहून गेल्या?

आता या पुराव्याची दुसरी बाजू पाहू. चेन्नईच्या त्या ५३१ लोकांमध्ये स्त्रिया होत्या केवळ ११०. त्याच गटाने नंतर मोबाईल संदेशांद्वारे मधुमेह टाळण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले आणि धोका ३६ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पण त्या अभ्यासातील सर्वच्या सर्व ५३७ जण नोकरदार पुरुष होते. शिबिरे जिथे भरतात, म्हणजे कारखाने, कार्यालये, कामगार संघटना, तिथे पुरुष अधिक सापडतात. घरकाम करणारी, शेतमजुरी करणारी, पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर उतरणारी बाई तिथे सापडत नाही.

स्त्रीच्या आयुष्यात असे काही टप्पे आहेत, जे धोक्याची आगाऊ सूचना देतात. गरोदरपणातील मधुमेह हा त्यांपैकी सर्वात स्पष्ट. बाळंतपणानंतर साखर सामान्य होते आणि सारे विसरून जातात. परंतु अशा स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेत सात ते दहा पट असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांतून दिसले आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढलेला असेल, तर पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. पाळी अनियमित करणारा पीसीओएस आणि पाळी बंद होण्याचा काळ, हे आणखी दोन टप्पे. गर्भनिरोधक गोळ्यांनीही काही स्त्रियांचा रक्तदाब वाढतो, म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी आणि सुरू असताना तो मोजायला हवा.

यात आशादायक गोष्ट अशी : अमेरिकेच्या त्याच कार्यक्रमात, पूर्वी गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांचा धोका जीवनशैली बदलाने सुमारे निम्म्यावर आला. मात्र भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेतील शहरी रुग्णालयांमध्ये अशाच सुमारे १,६०० स्त्रियांवर झालेल्या ‘लिव्हिंग’ अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, कार्यक्रमाचा लक्षणीय फायदा दिसला नाही. त्यात गटबैठका मोजक्याच होत्या आणि मध्येच कोरोनाची साथ आली. या स्त्रियांच्या कडेवर तान्हे मूल होते, हेही विसरता येत नाही. आमच्या मते यातून निघणारा अर्थ ‘बायकांना बदल जमत नाही’ असा नाही. चार बैठका घेऊन हात झटकणारा कार्यक्रम पुरेसा ठरत नाही, हा त्याचा अर्थ आहे.

केरळ आणि शेजारी देशांचा अनुभव

केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात ६० मतदान क्षेत्रांमधील १,००७ लोकांसाठी एक वेगळा प्रयोग झाला. स्थानिक लोकांमधूनच स्त्री-पुरुष गटप्रमुख निवडून त्यांना प्रशिक्षण दिले गेले आणि बैठका गावातल्याच जागांवर झाल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत मधुमेह होण्याच्या प्रमाणात खात्रीलायक फरक पडला नाही. पण धोक्याचे गुण घटले, फळे-भाज्या खाण्याचे प्रमाण वाढले आणि मद्यपान कमी झाले. मुख्यतः वस्तीतल्या माणसांच्या बळावर कार्यक्रम चालू शकतो, एवढे त्यातून नक्की दिसते.

बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या ग्रामीण भागात उच्च रक्तदाब असलेल्या २,६४५ लोकांबाबत आरोग्यसेविका-सेवकांनी घरोघरी जाऊन रक्तदाब मोजला, आहाराची माहिती दिली आणि गरजूंना डॉक्टरांकडे पाठवले. दोन वर्षांनी या गावांमध्ये रक्तदाबाचा वरचा आकडा इतर गावांच्या तुलनेत ५ अंकांनी अधिक खाली आला. हा कार्यक्रम आजार झालेल्यांसाठी होता, तरी त्याचा धडा प्रतिबंधालाही लागू पडतो : दारापर्यंत येणाऱ्या ओळखीच्या बाईचे म्हणणे ऐकले जाते. आपल्याकडे ती बाई म्हणजे आशाताई.

आपला धोका कसा ओळखावा?

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने तयार केलेली भारतीय मधुमेह जोखीम गुणपद्धती घरीही वापरता येते. स्त्रियांसाठी तिचे गुण असे :

• वय : ३५ पेक्षा कमी – ०, ३५ ते ४९ – २०, ५० किंवा अधिक – ३०
• कमरेचा घेर : ८० सेंटिमीटरपेक्षा कमी – ०, ८० ते ८९ – १०, ९० किंवा अधिक – २०
• हालचाल : व्यायाम आणि कष्टाचे काम दोन्ही – ०, दोन्हींपैकी एक – २०, बैठे काम आणि व्यायाम नाही – ३०
• आई-वडिलांना मधुमेह : कोणालाही नाही – ०, एकाला – १०, दोघांना – २०

बेरीज ६० किंवा त्याहून अधिक आली तर धोका जास्त आहे असे समजून रक्ततपासणी करावी. सरकारी असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात ३० वर्षांवरील प्रत्येकीची अशीच प्रश्नावली आशाताईंनी भरून घेणे अपेक्षित आहे. आपली भरली गेली नसेल, तर आपण होऊन विचारावे.

तपासणीचे आकडे असे वाचावेत. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था, १२६ किंवा अधिक असेल तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी ५.७ ते ६.४ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ पासून पुढे मधुमेह. रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा अधिक येत असेल तर तो उच्च रक्तदाब. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास आधी चहा किंवा तंबाखू घेऊ नये, लघवी लागली असेल तर आधी जाऊन यावे, हात हृदयाच्या उंचीवर टेकवावा आणि दोनदा मोजावे. धावतपळत आल्या आल्या पट्टा बांधून घेतलेला आकडा विश्वासार्ह नसतो.

गरोदरपणात मधुमेह झालेल्या प्रत्येकीने बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन होणारी तपासणी करावी आणि त्यानंतर दरवर्षी साखर तपासावी.

कार्यक्रमात काय असावे?

मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. भारतात सरासरी ८ ग्रॅम खाल्ले जाते. घरचा हिशेब सोपा आहे. पाच माणसांच्या घरात माणशी ५ ग्रॅम धरले तर एक किलोची पिशवी ४० दिवस पुरायला हवी. पिशवी फोडताना तिच्यावर तारीख लिहा. ती २५ दिवसांत संपत असेल तर मीठ माणशी ८ ग्रॅम जात आहे. आणि यात पापड, लोणचे, फरसाण, वेफर्स, सुकट-बोंबील यांतील मीठ धरलेले नाही. ताटात वरून मीठ वाढणे आधी बंद करावे. भाजीतले मीठ आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे कमी केले तर घरातल्यांच्या जिभेला फारसे जाणवत नाही. पोटॅशियमयुक्त मीठ रक्तदाबासाठी चांगले असले, तरी मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाबाची औषधे असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

साखर आणि धान्य. दिवसात चार कप चहा आणि प्रत्येकात दोन छोटे चमचे साखर धरली, तर साधारण ३५ ते ४० ग्रॅम साखर चहातूनच जाते. आधी चमचा अर्धा करावा, मग कप कमी करावेत. रेशनवर प्रामुख्याने तांदूळ आणि गहू मिळतो, त्यामुळे अनेक घरांत ताट भाताने भरते. ज्वारी-बाजरीची भाकरी परवडत असेल तर उत्तम. नसेल तर भात तोच ठेवून त्याचे प्रमाण कमी करावे आणि वरण, उसळ, अंडी, पालेभाजी यांचे प्रमाण वाढवावे. मेथी, शेपू, चवळी, शेवगा, मटकी, हरभरा हे आपले पदार्थ कोणत्याही महागड्या ‘डाएट’ पावडरीपेक्षा सरस आहेत.

याला एक अट आहे. पाचव्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रियांचे वजन गरजेपेक्षा कमी होते. सर्वांत शेवटी जेवणारी, उरलेल्या भातावर आणि चहावर दिवस काढणारी बाई कार्यक्रमात आली, तर तिला ‘कमी खा’ हा सल्ला घातक आहे. तिला डाळ, अंडी आणि भाजी अधिक खायला हवी. ज्यांचे वजन किंवा पोटाचा घेर जास्त आहे, त्यांनीच ५ ते ७ टक्के वजन घटवण्याचे उद्दिष्ट ठेवावे. ६० किलोच्या स्त्रीसाठी ते तीन ते चार किलो होते.

हालचाल. आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास भरभर चालणे. सलग अर्धा तास मिळत नसेल तर जेवणानंतर दहा-दहा मिनिटे तीनदा चालावे. जेवणानंतरचे चालणे साखर खाली ठेवण्यास मदत करते. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करावा : खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणे. घरकामात बाई दिवसभर दमते, पण त्यातले बरेचसे काम बसून किंवा सावकाश होते, म्हणून वेगळे चालणे लागतेच. मात्र दिवसभर शेतात निंदणी करणाऱ्या किंवा बांधकामावर पाट्या वाहणाऱ्या बाईला आणखी चालायला सांगण्यात अर्थ नाही. तिचा भर मीठ, तंबाखू, जेवण आणि झोप यांवर हवा.

मशेरी आणि झोप. आपल्याकडे अनेक स्त्रिया सिगारेट ओढत नाहीत, पण मशेरी लावतात किंवा तंबाखू खातात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. हा प्रश्न लाज न वाटू देता बैठकीत विचारला गेला पाहिजे. रात्री बारापर्यंत आवराआवर आणि पहाटे पाण्यासाठी उठणे यांतून सात तास झोप मिळत नाही. अपुरी झोप साखर आणि रक्तदाब दोन्ही वाढवते. झोपेचा वेळ वाढवायचा तर घरातले काम वाटून घ्यावे लागेल. त्याला दुसरा उपाय नाही.

वस्तीत कार्यक्रम कसा चालवावा?

जागा आपल्याजवळ आहे. बुद्धविहार, समाजमंदिर, अंगणवाडी, शाळेची खोली यांपैकी कोणतीही चालेल. लागणारे साहित्य म्हणजे स्वयंचलित रक्तदाब यंत्र, मोजपट्टी, वजनकाटा आणि वही. महिला मंडळाने किंवा बचत गटाने १५ ते २० जणींचा गट करावा. वेळ त्यांच्या कामावरून ठरवावी : धुणीभांडी करणाऱ्यांना दुपार सोयीची, शेतमजुरी करणाऱ्यांना संध्याकाळ. अमेरिकेच्या कार्यक्रमात पहिल्या सहा महिन्यांत १६ बैठका होत्या. आपणही पहिले चार महिने दर आठवड्याला आणि नंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत दरमहा बैठक ठेवावी.

प्रत्येक बैठक तासाभराची असावी. आधी वजन, घेर आणि रक्तदाब यांची नोंद, मग मागच्या आठवड्यात काय जमले आणि काय अडले याची चर्चा, मग एक विषय, आणि शेवटी पुढच्या आठवड्यासाठी प्रत्येकीचे एकच छोटे उद्दिष्ट. कोणाचेही वजन किंवा आकडा मोठ्याने वाचून दाखवू नये. अपमान झालेली बाई पुन्हा येत नाही. जी दोनदा गैरहजर राहील, तिच्या घरी गटातल्या कोणीतरी जाऊन यावे. निदान दोन बैठकांना सासू, नवरा, मोठी मुले यांना बोलवावे. घरातले सारे मीठ मागत असतील तर एकट्या बाईने कमी मिठाची भाजी वेगळी करून खायची, हे फार दिवस चालत नाही.

गटाने जवळच्या उपकेंद्राशी, आयुष्मान आरोग्य मंदिराशी किंवा शहरात पालिकेच्या दवाखान्याशी सुरुवातीलाच बोलून ठेवावे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांपैकी एक होता. रक्तदाब आणि साखरेची नेहमीची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळायला हवीत. ती नसतील तर गटाने मिळून लेखी मागणी करावी.

मर्यादा

जीवनशैली कार्यक्रम औषधाची जागा घेत नाही. ज्यांना मधुमेह किंवा उच्च रक्तदाब झालेला आहे, त्यांनी बरे वाटते म्हणून गोळ्या बंद करू नयेत. मधुमेह ‘मुळापासून घालवणाऱ्या’ चूर्णांच्या आणि काढ्यांच्या जाहिरातींपासून दूर राहावे. गरोदर स्त्रियांनी वजन घटवण्याच्या कार्यक्रमात भाग घेऊ नये, त्यांच्यासाठी डॉक्टरांचा स्वतंत्र सल्ला लागतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी अचानक जेवण तोडू नये, साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून अधिक आला, छातीत दुखू लागले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर बैठक संपण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

अमेरिकेच्या अभ्यासातील आकडेवारीनुसार प्रत्येक एक किलो वजन घटण्यामागे मधुमेहाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे उद्दिष्ट पूर्ण गाठता आले नाही तरी केलेला प्रयत्न वाया जात नाही. ज्या महिला मंडळांना सुरुवात करायची आहे, त्यांनी येत्या बैठकीला एक मोजपट्टी आणि वही घेऊन बसावे, वर दिलेले चार प्रश्न प्रत्येकीला विचारावेत आणि ज्यांचे गुण ६० किंवा त्याहून अधिक येतील त्यांची नावे त्याच आठवड्यात रक्ततपासणीसाठी द्यावीत.